जुन्या पेठेतील वाड्याचा सौदा

मराठवाड्यातील जुन्या पेठेत एखादा मोठा वाडा विक्रीस निघाला, की त्याची वार्ता दलालाच्या आधी दुकानांच्या गाद्यांवर पोहोचते. जळकोटही त्यास अपवाद नाही. पूर्वी उदगीर तालुक्यात असलेले, नांदेड–उदगीर रस्त्यावरील हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. नगरपंचायत आली, हमरस्त्याच्या कडेने प्लॉट पडले, आणि गावठाणातील दगड-मातीच्या भिंतींचे, माळवदी छपरांचे वाडे एकेक करून कुलूपबंद होत गेले. मुले लातूरला, पुण्याला, हैदराबादला स्थिरावली. काही वर्षे दिवाळीला कोणी येऊन देवडीत पणती लावून जातो. पुढे तेही थांबते आणि एके दिवशी ‘वाडा द्यायचा आहे’ असा निरोप येतो.

समजा, सोयाबीन-तुरीची आडत असलेले दोन भावांचे एकत्र कुटुंब हा निरोप ऐकते. शंभर वर्षांचा वाडा, बारा-चौदा खण, पुढे ढाळज, मध्ये चौक, मागे आड आणि परस. हमरस्त्यावरील दीड हजार चौरस फुटांचा मोकळा प्लॉट घेऊन वर बांधकाम करायचे म्हटले तर जो आकडा होतो, त्याहून कमीत हा सारा पसारा मिळत असतो. शिवाय दुकान शंभर पावलांवर. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम असलेल्या घरात या शंभर पावलांची किंमत फार मोठी आहे. हंगामात गाडीभर माल उतरत असताना गावाबाहेरच्या बंगल्यावर जाऊन चौविहार पाळणे किती जणांना साधते, हे प्रत्येक घरातील ज्येष्ठ स्त्रीस ठाऊक असते. मंदिर जवळ, शेजार ओळखीचा, आणि विहारात असलेल्या साधू-साध्वींची गोचरी व उतारा यांची सोय ऐसपैस ओसरीत सहज होते. मोह पडावा अशीच ही सगळी कारणे आहेत आणि त्यांत खोटे काही नाही.

सौदा बिघडतो तो बहुधा दुसऱ्याच जागी. निरोप घेऊन येणारा हा विक्रेत्या कुटुंबातील थोरला किंवा धाकटा भाऊ असतो. तो ‘आमचा वाडा’ म्हणतो. या ‘आमचा’ शब्दात किती माणसे आहेत, हा पहिला प्रश्न.

उदाहरणच घ्यायचे तर वडील 2011 मध्ये वारले, मृत्युपत्र केले नाही, मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 हा जैनांनाही लागू आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद मानले, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. मुलगी विवाहित असो वा नसो, फरक पडत नाही. वर दिलेल्या कुटुंबात वाडा वडिलोपार्जित धरला तर प्रथम सात हिस्से पडतात आणि वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत विभागला जातो. स्वकष्टार्जित धरला तर सरळ सहा हिस्से पडतात. दोन्ही हिशेबांनी उत्तर एकच येते, प्रत्येकाचा एक षष्ठांश. म्हणजे दोन भावांनी सह्या केल्या तर खरेदीदाराच्या हाती वाड्याचा एक तृतीयांश हक्क येतो, आणि पैसे मात्र त्याने संपूर्ण वाड्याचे मोजलेले असतात.

तो एक तृतीयांश तरी सुखाने उपभोगता येईल का? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला तर त्याला त्या कुटुंबासोबत सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या विभाजन अधिनियमातील कलम 4 प्रमाणे कुटुंबातील सदस्य न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस त्याचाच हिस्सा विकत घेऊ शकतो. उत्तराधिकार कायद्याचे कलम 22 सहवारसांना अग्रक्रयाचा हक्क देते. राहत्या घराच्या बाबतीत पुरुष वारस वेगळे होईपर्यंत मुलीने वाटप मागू नये, असे सांगणारे कलम 23 मात्र 2005 मध्ये वगळण्यात आले. सोलापूरला किंवा नांदेडला दिलेल्या बहिणीने दावा ठोकायचे ठरविले, तर तिला अडविणारे कायद्यात आता काही उरलेले नाही.

व्यापारी घरांत यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘बहिणींचे काय, त्या सही देतील.’ बहुतेकदा त्या देतातही. भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवून ‘विजेच्या मीटरसाठी लागतो आहे’ असे सांगून घेतलेली सही आणि वाड्याची किंमत, आपला हिस्सा, त्यातून काय सोडतो आहोत हे जाणून तिने दुय्यम निबंधकासमोर दिलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र, यांत कायदा फरक करतो. धर्म तर अधिकच करतो. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचा विषय अदत्तादान आहे; जे दिलेले नाही ते घेणे. खरेदीदार म्हणेल, की फसविले ते भावांनी, त्यात आपला काय दोष? पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा याच व्रताचा अतिचार सांगितला आहे, आणि बहिणींना विचारलेले नाही हे जळकोटएवढ्या गावात खरेदीदाराला ठाऊक नसते, असे कोणी म्हणू नये.

येथे एक जुनी आठवण उपयोगी पडेल. 1878 मध्ये शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने जैन रूढी मान्य करून निपुत्रिक जैन विधवेचा पतीच्या स्वकष्टार्जित संपत्तीवरील पूर्ण हक्क उचलून धरला होता. पुढे बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 1926 मध्ये ‘जैन लॉ’ हा ग्रंथ लिहिला. घरातील स्त्रीच्या हक्काबाबत आपली रूढी इतरांहून पुढे होती, हे समाजाने त्या काळी न्यायालयात अभिमानाने सांगितले आहे. त्याच समाजातील खरेदीदाराने तिन्ही बहिणींना स्वतः फोन करावा, त्यांच्या घरी जावे, आणि शक्यतो हक्कसोडपत्राच्या फंदात न पडता सर्व सहा जणांना खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून घ्यावे, प्रत्येकाच्या खात्यात त्याची रक्कम स्वतंत्र धनादेशाने जमा करावी. भाऊ कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे. एखादी बहीण वारली असेल तर तिची मुले व पती येतात; कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीस न्यायालयाची परवानगी लागते. वाटप पूर्वीच झाले आहे असा भावांचा दावा असेल तर ते 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे आणि नोंदणीकृत अथवा न्यायालयीन हुकूमनाम्याचे आहे का, ते पाहावे. वहीच्या पानावर पंचांसमोर लिहिलेली घरगुती वाटणी मराठवाड्यात घरोघर सापडते. तिच्यावर लाखो रुपये लावणे शहाणपणाचे नाही.

कागदांचा प्रश्न मराठवाड्यात आणखी एका कारणाने वेगळा आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शंभर वर्षांच्या वाड्याचा मूळ दस्त असलाच तर तो उर्दूत असतो, तारीख फसली सनात असते, महिना बहमन किंवा खुर्दाद असतो आणि रक्कम हाली सिक्क्यात असते. फसली सनात 590 मिळविले की ते वर्ष ज्या इसवी सनाच्या ऑक्टोबरात सुरू झाले तो मिळतो. 1335 फसली म्हणजे 1925–26. हाली रुपया ब्रिटिश रुपयापेक्षा हलका होता, साधारण 7 हालीला 6 कलदार. रकमेशी आज कोणाला कर्तव्य नाही, पण चतुःसीमेशी आहे. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस आड, असे लिहिलेले असते. ते अमके कोण, त्यांच्या घराचा आजचा मालक कोण, तो आड वाड्यात आहे की सामाईक, हे उर्दू जाणणाऱ्याकडून भाषांतर करवून घेऊन, टेप हातात धरून जागेवर पडताळावे लागते. सामाईक बोळ आणि सांडपाण्याची वाट यांवरून होणारी भांडणे वाड्याहूनही जुनी असतात.

विक्रेता बहुधा दाखवितो तो कर आकारणीचा उतारा, नमुना नंबर आठ. त्यावर त्याच्या वडिलांचे नाव असते, घरपट्टी भरल्याच्या पावत्या असतात. तो कराचा कागद आहे. कोणाकडून पट्टी वसूल करायची एवढेच तो सांगतो. महसुली वा कराच्या नोंदीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका हा अधिक वजनाचा कागद. ग्रामीण गावठाणांसाठी 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशाच पत्रिका व सनदा दिल्या जात आहेत. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 चा किमान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. तिने हक्क सिद्ध होत नाही, पण तिच्यामुळे हरकतदार आधीच समोर येतात, आणि पैसे देण्यापूर्वी आलेली हरकत ही एक प्रकारे नफ्याचीच बाब आहे.

कर्ज घ्यायचे असेल तर याच कागदांची उजळणी बँक पुन्हा करते, आणि ते बरेच. तिचा मूल्यांकनकार वाड्याच्या सागवानी खांबांवर भाळत नाही. तो जागेची किंमत धरतो, बांधकामाचे उरलेले आयुष्य पाहतो आणि माती-दगडाच्या भिंतींना जवळपास शून्य लावतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. पण ही टक्केवारी मूल्यांकनावर असते, तोंडी ठरलेल्या भावावर नसते. म्हणून वाड्याला प्लॉटपेक्षा अधिक रक्कम पदरची घालावी लागते. ‘काही भाग वर’ देण्याची सवय येथे दुहेरी अडचण करते. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. शिवाय सहा विक्रेते असताना वरची रक्कम कोणी घेतली आणि कोणाला कळली नाही, यावरून बहीण-भावांत जी ठिणगी पडते, तिची झळ खरेदीदाराच्या दारापर्यंत येते.

कागद निर्मळ निघाले तरी घर उभे राहील का, हा प्रश्न उरतोच, आणि लातूर जिल्ह्यात तो प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चारच्या सुमाराची वेळ. दशलक्षण पर्वाची सांगता होऊन झोपलेल्या घरांतही पुढे वर्षानुवर्षे त्या रात्रीची तारीख विसरली गेली नाही. किल्लारी परिसरात माणसे भूकंपाने जेवढी मेली, त्याहून अधिक आपल्याच घरांच्या भिंतींनी आणि माळवदांनी मारली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. जळकोट किल्लारीपासून दूर, जिल्ह्याच्या ईशान्य टोकास आहे. पण बांधणी तीच.

दोष नेमका कोठे होता, हे तज्ज्ञांनी त्या वेळी बारकाईने पाहिले. दीड-दोन हात जाड दिसणारी भिंत वस्तुतः दोन पातळ भिंतींची असते. बाहेर दगडाचा एक थर, आत दुसरा, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार जोडदगड नसले की हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात. वर माळवद. गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी पांढरी माती टाकली जाते, जुनी काढली जात नाही. दोन फूट जाडीचे माळवद धरले तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा एका खोलीवर नऊ टनांहून अधिक माती असते. आडत्याच्या भाषेत, नव्वदहून अधिक क्विंटल माल डोक्यावर रचून त्याखाली घरचे झोपतात. पण त्याच भूकंपात आणखी एक गोष्ट दिसली. जेथे छपराचा भार खणांच्या लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत नवी काँक्रीटची बहुमजली घरे कोसळली आणि जुन्या शहरातील पोळांमधील, भिंतींत लाकूड गुंफलेल्या हवेल्यांनी चांगली तग धरली. त्या पोळांत जैन वस्ती मोठी आहे. 2017 मध्ये ते जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

म्हणून वाडा पाहताना दरवाजाच्या नक्षीकडे उशिरा पाहावे. आधी भिंतीला कोठे पोट सुटले आहे का ते पाहावे. थर सुटू लागल्याची ती खूण. खांब तळखड्यावर जेथे टेकतो तेथे आणि तुळईचे टोक भिंतीत जेथे शिरते तेथे लाकूड टोचून पाहावे, कारण कूज व वाळवी याच दोन ठिकाणी लागते. वाळवीची फवारणी करायची की नाही, हा अहिंसेचा प्रश्न नंतर पडण्यापेक्षा ओल आधीच तोडणे बरे. पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर नेले, परसातील सांडपाणी मुरणे थांबविले, तर तो प्रश्न पुष्कळसा सुटतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला असेल तर आत ओल कोंडलेली असते. आणि मागच्या पिढीने सोय म्हणून मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब ओतलेला असेल, तर त्या भागाची किंमत शून्य धरून पाडण्याचा खर्च वजा करावा. दुरुस्तीची रीत अवघड नाही. माळवदाची माती उतरवून भार कमी करणे, ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार जोडदगड वा काँक्रीटचे जोड घालणे, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरकस आधार देणे, वरून सलग पट्टा फिरविणे. किल्लारीनंतर जिल्ह्यात हे काम घरोघर शिकविले गेले आहे. संरचना अभियंत्याकडून त्याचा खर्च लिहून घ्यावा आणि मग भाव बोलावा. विसार देऊन मग अभियंता बोलावणारी कुटुंबेच अधिक, हे नवल.

आणखी दोन-तीन गोष्टी वाड्यातच सापडतात. ओसरीखाली किंवा चौकात ज्वारीचे पेव असते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पेवात दूषित वायू साठतो. जुने लोक आधी दिवा सोडून पाहत आणि तो विझला तर उतरत नसत. आज कुतूहलाने मुले उतरतात. गुप्तधनाच्या गोष्टी प्रत्येक वाड्याला चिकटलेल्या असतात. त्यांसाठी खणलेला खड्डा पाया मात्र निश्चित हलवितो, आणि काही सापडलेच तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. वाड्यात गृहचैत्यालय किंवा घरदेरासर असेल तर त्याचा निर्णय सौद्याच्या आधी व्हावा. प्रतिमाजी ‘फिटिंगसह’ विकल्या जात नाहीत. विक्रेते त्या विधिपूर्वक गावच्या मंदिरात देणार की नवे कुटुंब नित्य पूजेची जबाबदारी घेणार, हे संघाच्या ज्येष्ठांसमोर ठरावे.

परिग्रह-परिमाणाचे व्रत ज्यांनी घेतले आहे, त्यांनी आपली यादी काढून पाहावी. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू यांचे नाव हिरण्य-सुवर्णाच्याही आधी आहे. बारा खण घ्यायचे तर हमरस्त्यावरचा प्लॉट ठेवायचा का, उदगीरची गाळ्याची नोंदणी चालू ठेवायची का, हा प्रश्न दोन भावांनी आणि त्यांच्या पत्नींनी एकत्र बसून सोडवायचा आहे. चौक झाडायचा कोणी, आडाचे पाणी गाळायचे कोणी, दोन चुली मांडल्या तर कोठे, हेही त्याच बैठकीत निघाले तर उत्तम. वाडा कोणाच्या नावे घ्यायचा, तेही तेव्हाच लिहून काढावे. आज एकाच भावाच्या नावे घेतलेला वाडा तीस वर्षांनी पुन्हा याच लेखातील पहिल्या प्रश्नापाशी येऊन उभा राहतो.

शक्य असल्यास एक पावसाळा जाऊ द्यावा. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा उघडून पाहिला, की कोणता खण गळतो, कोणती भिंत ओल धरते आणि चौकातले पाणी कोठे तुंबते, हे एका फेरीत कळते. विक्रेत्याला घाई असेल तर विसार पावतीत तशी मुदत लिहून घ्यावी. खरेदीखताच्या दिवशी ताबा घेताना वाड्यात उरलेल्या वस्तूंची यादी करून तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मोडीतील जुन्या चोपड्या, जाते, आजीची पितळी कळशी हे ज्यांचे त्यांनी न्यावे, आणि बहिणींना त्या दिवशी मुद्दाम बोलवावे. फसली सनातला तो उर्दू दस्त मात्र मूळ स्वरूपात खरेदीदाराने मागून घ्यावा. बँकेकडे गहाण ठेवण्यापूर्वी त्याच्या व मराठी भाषांतराच्या दोन-दोन प्रती काढून एक संच दुकानात ठेवावा आणि दुसरा घरात.